९१, २२१ मूळ संख्या वाटतात, आणि पुढे मसावि अडतो

फोंडा_पालक: मुलगी सहावीत. २, ३, ५ ने भाग गेला नाही की संख्या मूळ म्हणून मोकळी होते. ९१, २२१ अशाच चुकल्या. ३९१ आणि ४३७ चे अवयव सापडले नाहीत म्हणून मसावि १ लिहिला. कुठवर भागून बघायचं? आणि शाब्दिक उदाहरणात मसावि की लसावि, हे कसं ओळखायचं?

म्हापशेकर: वर्गमुळापर्यंत. १४ चा वर्ग १९६, १५ चा २२५. म्हणजे २२१ साठी २, ३, ५, ७, ११, १३ एवढ्यांनीच भागायचं. १३ ने जातो: १३ × १७. दोन्ही अवयव १४ हून मोठे असते तर गुणाकार निदान २२५ झाला असता. ९ ने भागून बघणं फुकटचा खटाटोप. ३ ने गेला नाही तर ९ ने कुठून जाणार? ५१, ५७, ८७ वर मुलं हमखास फसतात, तिथे अंकांची बेरीज करायला लावा. ९१ ला मात्र ७ च लागतो.

अंकमोड: ३९१, ४३७ चे अवयव पाडूच नका, वजाबाकी करा: ४६. दोघांना ज्याने भाग जातो त्याने फरकालाही जातोच. ४६ चे विभाजक १, २, २३, ४६. दोन्ही संख्या विषम, म्हणून २ आणि ४६ बाद. २३ ने भागून बघा: २३ × १७, २३ × १९. मसावि २३. हा शेवटचा भागाकार टाळू नका हं. ४५ आणि ६८ चा फरकही २३ च, पण मसावि १.

मडगाव_गणित: शाब्दिक उदाहरणात ‘कमीत कमी’, ‘जास्तीत जास्त’ या शब्दांवर जाऊ नका. चवथीच्या बाजारातले ८४ नारळ आणि १२६ केळी घ्या. काही न उरता जास्तीत जास्त किती सारखे वाटे? मसावि, ४२. आता नारळ-केळी वेगवेगळे ठेवून प्रत्येक ढिगात सारखे नग, तर कमीत कमी ढीग किती? इथेही मसाविच: ढिगात ४२ नग, ढीग २ + ३ = ५. ‘कमीत कमी’ वाचून मुलं लसावि २५२ काढतात. १२६ केळ्यांत २५२ चा ढीग कसा होईल, एवढं विचारा. उलट पणजी स्टँडवरून एक बस दर १२ आणि दुसरी दर १८ मिनिटांनी सुटत असेल, तर दोन्ही पुन्हा एकदम सुटायला १८ मिनिटं तरी लागणारच. तिथे लसावि, ३६.

फोंडा_पालक: मसावि × लसावि = संख्यांचा गुणाकार, हे तीन संख्यांना चालतं?

अंकमोड: नाही. ४, ६, १० घ्या: मसावि २, लसावि ६०, म्हणजे १२०. गुणाकार २४०.