जुन्या माडीवर चार फुटी फिश टँक पेलवेल का?

नमस्कार मंडळी. घर दर्यापूर तालुक्यात, आजोबांच्या काळातलं. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी तुळया, त्यावर फळ्या आणि मातीचा थर. पोराला माडीवरच्या खोलीत फिश टँक हवा आहे. लांबी 4 फूट, रुंदी आणि उंची दीड-दीड.

हिशेब केला आणि छातीच दडपली. काठोकाठ भरला तर 255 लिटर पाणी, म्हणजे तेवढेच किलो. 10 मिमी काच पन्नासेक किलो. खडी आणि लोखंडी स्टँड धरला की पावणेचार क्विंटलच्या आसपास, तेही 6 चौरस फुटांत! चौरस फुटाला साठ किलोच्या वर गेलं. राहत्या खोल्यांसाठी आयएस 875 मध्ये (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) चौरस मीटरला 200 किलो भार, म्हणजे फुटाला 19च्या आसपास धरतात.

बाबा म्हणतात, "याच माडीवर जवारीचे पोते रचत होतो आमी, तुह्या मासोयांचं काय घेऊन बसला!" खोटं नाही. पण पोती खोलीभर पसरलेली असायची आणि काही महिन्यांत खाली यायची. टँक एकाच कोपऱ्यात वर्षानुवर्षं राहणार. त्यात एका तुळईला मागे उधई लागली होती. औषध मारलं, पण आतून किती पोखरली कोण जाणे.

भिंतीला लावून, तुळयांना आडवा ठेवला तर चालेल का? तुळयांची टोकं सरळ मातीच्या भिंतीत आहेत, खाली खांब नाहीत.

उत्तर:
भाऊ, आडवा ठेवायचा विचार बरोबर आहे, भार दोन-तीन तुळयांवर वाटला जातो. खोलीच्या मधोमध तर नकोच. पण माझी खरी भीती टोकांची आहे. भिंतीत ओल असली की लाकूड नेमकं तिथंच कुजतं आणि बाहेरून धडधाकट दिसतं. भिंतीलगत टोच्या खुपसून पाहा. सहज आत गेला तर विषय संपला. उधईवाल्या तुळईवर टँक येऊच देऊ नका, निदान खालून सागवानी खांबाचा टेकू द्या. टँक फुटला तर मातीची भिंत भिजेल, ते वेगळंच. आणि वर टिनं असतील तर मे महिन्यात मासे उकडून निघतील.

ओसरीत जागा नाही का? नसेल तर तुळयांची जाडी, दोन तुळयांमधलं अंतर आणि खोलीची रुंदी मोजून इथं टाका, मग बघू.