‘तेव्हाच का नाही बोललीस?’

कर्णफूल: लैंगिक अत्याचाराची तक्रार उशिरा आली की हा प्रश्न ठरलेला. बहुतेक वेळा आरोपी ओळखीचा असतो: नवरा, मामा, साहेब. तक्रार म्हणजे घर, नोकरी, नाती सगळंच पणाला. वर ‘ओरडली का नाहीस?’ आहेच. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचारांसाठी आलेल्या सुमारे ३०० बायकांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. हल्ल्याच्या वेळी त्यातल्या ७० टक्के जणींचं शरीर थिजलं होतं. हात उचलत नाही, आवाज फुटत नाही. आणि लोक त्याला संमती म्हणतात.

तिऱ्हाईत: भावना पोचल्या. पण उशीर झाला की कपडे धुतले जातात, जखमा भरतात. नुसत्या शब्दावर कुणाला आत टाकायचं? खोट्या तक्रारीत माणूस आयुष्यातून उठतो.

कर्णफूल: वेळेत गेलेल्यांचं काय झालं? अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये २००९ साली पोलिसांच्या गोदामात बलात्काराच्या तक्रारींनंतर अंगावरून घेतलेले ११ हजारांहून जास्त नमुनासंच तपासणीविना पडलेले सापडले. तासन्‌तास अंगाची तपासणी सोसून दिलेला पुरावा होता तो!

सांजवात: ‘खोट्या’वरून आठवलं. अमेरिकेतल्या लिनवूडमध्ये २००८ साली १८ वर्षांच्या मुलीनं बलात्काराची तक्रार केली. तिचं वागणं ‘तसं’ वाटेना, म्हणून जवळच्यांनाच शंका आली. पोलिसांनी दबाव आणून जबाब फिरवायला लावला, वर खोट्या तक्रारीचा खटला भरला. २०११ मध्ये कोलोरॅडोत एक सराईत बलात्कारी पकडला गेला. त्याच्याकडे तिचे फोटो निघाले. मधल्या काळात त्यानं आणखी बायकांना गाठलं होतं.

तिऱ्हाईत: भयंकर आहे, मान्य. पण तो तपासातला हलगर्जीपणा झाला. त्यासाठी संशयाचा फायदा काढून घ्यायचा का? उद्या निर्दोष माणूस अडकला तर?

कर्णफूल: काढून घ्या असं कोण म्हणतंय? तो फायदा निकालाच्या वेळी द्यायचा असतो. इथे तो पोलीस ठाण्याच्या पायरीवरच मिळतो, फिर्याद लिहून घ्यायच्याही आधी.

रोखठोक: एवढा काथ्याकूट कशाला? भर चौकात फाशी द्या, सगळे सरळ होतील.

सांजवात: आरोपी सख्खा काका असला तर? फाशीचं नाव काढलं की आजीच पोरीच्या तोंडावर हात ठेवेल. नुसती शिक्षा जबर असली म्हणून बायका पुढे येतात असं नाही, त्यासाठी आधी ऐकून घेणारा माणूस लागतो. आणि तक्रारच आली नाही तर फाशी देणार कुणाला?

तिऱ्हाईत: या एका मुद्द्यावर सांजवातशी सहमत. पुराव्याबद्दल मात्र मी जागचा हललेलो नाही.