खर्च फक्त वॉशिंग्टनचा नाही, राज्यांचाही

‘युद्ध केंद्राचं, मग राज्यांनी कर का वाढवायचे?’ असं कुणी विचारेल. २००३ ची अमेरिका आठवा. मार्चमध्ये इराकवर हल्ला झाला, दहशतवादी हल्ल्याच्या धोक्याची सरकारी पातळी ‘नारिंगी’ (वरून दुसरी) झाली आणि पूल, विमानतळ, बंदरांवर पहारे वाढले. पहाऱ्यावर कोण? बहुतांशी राज्यांचे नि शहरांचे पोलीस, त्यांचा ओव्हरटाइमही त्यांच्याच तिजोरीतून. त्यात नॅशनल गार्डमध्ये (राखीव सैन्यदलात) असलेले काही पोलीस, अग्निशमनवाले आखातात रवाना! केंद्र तूट सोसून कर्ज काढू शकतं. व्हरमाँट वगळता बाकी राज्यांना ताळेबंद जुळवावाच लागतो. केंद्राने त्या वर्षी २० अब्ज डॉलर दिले खरे, पण करकपातीच्या कायद्याला जोडून; आणि अनेक राज्यांचे कर केंद्राच्या करनियमांवर बेतलेले, म्हणजे कपातीने त्यांचंही उत्पन्न घटणार. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्याने द्यायचं.

अलाबामा राज्याची गोष्ट तर अफलातून. तिथे तेव्हा चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ४,६०० डॉलर मिळाले की प्राप्तिकर सुरू! गव्हर्नर बॉब रायली रिपब्लिकन, म्हणजे करवाढीचे शत्रूच म्हणा ना. तरी राज्याची तूट भरायला त्यांनी गरिबांचा भार उतरवून वरच्यांवर टाकणारी १.२ अब्जांची योजना मांडली. ९ सप्टेंबरच्या मतदानात ती सपशेल आपटली, ज्यांचा कर कमी होणार होता त्यांच्यातल्याही अनेकांनी विरोधात मत दिलं. मला वाटतं, त्यांचा राग कराच्या दरापेक्षा सरकारवरच्या अविश्वासाचा होता.