लक्स (डिस्कचं एनक्रिप्शन) लावल्यावर घरच्या सर्व्हरचा लिहिण्याचा वेग १०८ वरून ३१. डिस्क बदलू का?

जुळेसोलापूर_४: सेलेरॉन जे-१९०० चा बोर्ड, ८ जीबी रॅम, ४ टीबीच्या दोन डिस्क, डेबियन १२. दोन्ही डिस्कवर वेगवेगळं लक्स आणि त्यावर एमडीॲडमचा मिरर (दोन्ही डिस्कवर तोच डेटा). सांबातून (लिनक्सचा फाइल-शेअरिंगचा प्रोग्राम) शेअर. आत जॅकार्डची (कापड विणायची) डिझाइनं आणि ऑर्डरींच्या फायली आहेत. एनक्रिप्शन नव्हतं तेव्हा विंडोज ११ वरून सेकंदाला १०८ एमबी जायचे, आता ३१. फाइल ५०० एमबीची असो की ४० जीबीची, पहिल्या सेकंदापासून ३१ च. क्रिप्टसेटअपच्या (लक्सचं टूल) बेंचमार्कमध्ये एईएस-एक्सटीएस सायफरला ५१२ बिटला सेकंदाला ५८ एमबी दिसतं. एनक्रिप्शन काढणार नाही. बॉक्स चोरीला गेला तर डिझाइनं दुसऱ्याच्या मागावर दिसायला नकोत. डिस्कच बदलू का?

होटगीरोड: डिस्क घेऊ नका, थांबा. जे-१९०० मध्ये एईएस-एनआय (एईएस एनक्रिप्शन झटपट करायची प्रोसेसरमधली सोय) नाही, म्हणून ५८. पण तो आकडा एकाच कोरचा असतो आणि डीएम-क्रिप्ट (लक्सचं काम करणारा लिनक्सचा भाग) चारही कोर वापरतं, त्यामुळे नुसत्या लक्सने ३१ वर यायला नको.

तुमच्या मांडणीत एक खरी चूक आहे. लक्स खाली आणि मिरर वर, म्हणजे प्रत्येक ब्लॉक दोनदा एनक्रिप्ट होतो, दोन डिस्कसाठी दोन वेळा. उलट करा: खाली मिरर, त्यावर एकच लक्स. काम निम्मं होतं आणि पासवर्डही एकदाच द्यावा लागतो.

तरी खटकतं ते 'पहिल्या सेकंदापासून' हे. लिहिलेला डेटा आधी रॅममध्ये साठतो, डिस्कवर मागाहून जातो. ८ जीबी रॅम असताना अडथळा डिस्कच्या बाजूला असता, तर ५०० एमबीची फाइल पूर्ण वेगाने गेली असती. म्हणजे अडतंय ते रॅमच्या आधी, सांबा किंवा नेटवर्कमध्ये. केबल खराब होऊन लिंक १०० वर आली असती तर ११-१२ मिळाले असते, म्हणून केबलही नाही. दोन गोष्टी बघा: सर्व्हरवरच बसून डीडी कमांडने १० जीबी लिहा, ओफ्लॅग डायरेक्ट लावून, नाहीतर रॅमचाच वेग दिसेल. आणि विंडोजवरून कॉपी चालू असताना टॉप कमांडमध्ये एसएमबीडी (सांबाची प्रोसेस) प्रोसेसरचे किती टक्के खातंय ते बघा.

जुळेसोलापूर_४: बघितलं. डीडीला ६४. कॉपी करताना एकच एसएमबीडी ९८ टक्क्यांवर, केक्रिप्टडी (एनक्रिप्शनची प्रोसेस) अधूनमधून दिसतं. लक्स लावलं त्याच आठवड्यात कॉम्प्युटरला विंडोजचं २४एच२ चं अपडेट आलं होतं, त्याचा संबंध असेल का?

होटगीरोड: तोच की ओ! विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ पासून एसएमबी (विंडोजची फाइल-शेअरिंगची पद्धत) साइनिंग सक्तीचं आहे. प्रत्येक पॅकेटवर सही करायची, तीही एईएसनेच, आणि सांबा एका क्लायंटला एकच प्रोसेस देतो, त्यामुळे सगळा भार एका कोरवर. एसएमबीस्टेटस चालवा, साइनिंगच्या रकान्यात दिसेल.

पॉवरशेलमधून ही सक्ती बंद करता येते, पण मी सुचवणार नाही. पाहुण्यांचे मोबाइल त्याच वायफायवर येतात, साइनिंग असलेलं बरं. बोर्ड बदला. डेस्कटॉपचा चौथ्या पिढीचा जुना आय-३ पुरतो. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय-३ आणि चौथ्या पिढीचे पेंटियम घेऊ नका, त्यांतही एईएस-एनआय नाही. दुकानातच लाइव्ह यूएसबी लावून एलएससीपीयू चालवा, फ्लॅग्जमध्ये 'एईएस' दिसलं तरच पैसे द्या. बायोसमध्ये ते बंद ठेवलेलं असू शकतं, तिथेही बघा. डिस्क आहे तशा नव्या बोर्डावर चालतील, लक्स बोर्डाला बांधलेलं नसतं.

चाटीगल्ली: बोर्ड लगेच जमत नसेल तर मिरर उलटा करताना ॲडिएंटम सायफर घ्या: एक्सचाचा-१२ सोबत, की २५६ बिटची, सेक्टर ४०९६ चा. एईएसची सोय नसलेल्या प्रोसेसरसाठीच तो बनवलाय. त्याने डिस्कची बाजू सुधारेल, साइनिंगची नाही.

आणि डिस्कचा मॉडेल नंबर बघून ठेवा. एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या ट्रॅकची डिस्क) असेल तर आधी वेग छान येतो, काही जीबी गेल्यावर धाडकन पडतो. तुमचं लक्षण तसं नाही, पण मिरर पुन्हा सिंक होताना एसएमआर फार रडवते.

सातरस्ता: उलटं करण्याआधी सगळा डेटा तिसऱ्या डिस्कवर घ्या आणि तिथून चार-पाच फायली उघडून बघा, नुसतं 'कॉपी झाली' यावर जाऊ नका. नवीन लक्स झालं की लगेच लक्स-हेडर-बॅकअप काढा. लक्स-२ ला ती १६ एमबीची फाइल होते. पेनड्राइव्हवर घेऊन सर्व्हरपासून लांब ठेवा. हेडर गेलं तर पासवर्ड पाठ असूनही उपयोग नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे लाइट जाते तेव्हा यूपीएस असू द्या, आणि लाइट आल्यावर बॉक्स आपोआप शेअर देईल असं समजू नका, पासवर्ड द्यावाच लागतो. मोबाइलवरून एसएसएचने उघडा. की-फाइलचा पेनड्राइव्ह बॉक्सलाच लावून ठेवू नका, चोर तोही नेईल. सिंक दुपारी नको, रात्री लावा. मेमध्ये खोलीच ४० ला असते आणि सिंक चालताना डिस्क ५० च्या वर जाते. स्मार्टसीटीएल कमांडने तापमान बघत राहा.