तुमच्या नगरसेवकाचा छंद कोणता, वाचन काय? पाहिलेलं लिहा

दादरकर
काल दारात कार्यअहवाल येऊन पडला. शेवटच्या पानावर 'आवड : वाचन, गडकिल्ले, समाजसेवा'. मुंबईत पालिकेचे 227 प्रभाग आणि पत्रकं चाळली तर सगळीकडून हाच माणूस उभा! तुमचा नगरसेवक, आमदार खरंच काय वाचतो, कशात रमतो? डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. नावं आणि पक्ष नकोत, भांडणं लागतात. जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या मंडळींना सूट.

डीटीपीवाला
ती ओळ आमच्याच दुकानात बसते. 'आवड'मध्ये काय टाकू विचारलं की पीए साहेबांना न विचारताच सांगतो, "टाक वाचन, कोण बघतंय." एकाला मी व्यायाम सुचवला. तो म्हणाला, "नको, वर फोटो आहे ना."

लालबागकर
आमचे माजी नगरसेवक पखवाज वाजवतात. कार्यालयातल्या कपाटात वर फायली, खाली पखवाज. भजन असलं की संध्याकाळी टेबलावर परातीत कणीक. डाव्या पुडीला ती थापायची, थाप मारून ऐकायचं, बोटाने थोडी काढायची, पुन्हा थाप. समोर लोक तक्रारी घेऊन उभे! पाण्याला दाब नाही म्हणून मी गेलो होतो. हात कणकेचे, म्हणून अर्ज मलाच वाचायला लावला. "किती वाजता येतं? कितव्या मजल्यापर्यंत चढतं?" असं मध्ये मध्ये विचारत होते. मग जलखात्यातल्या माणसाला फोन मीच लावला आणि त्यांच्या कानाला धरला. गजरात डोळे मिटून वाजवणारा हा माणूस सभागृहात माईक सोडत नसे, हे सांगूनही पटत नाही. वाचन म्हणाल तर ज्ञानेश्वरी आणि रोजचे पेपर, बास.

माझगावचा कावळा
आमच्याकडे फोटोग्राफी. स्वतःची. दर खांबावर प्रदर्शन.

हिंदू कॉलनी
वाचनाचा विषय आणि राजगृह कुणी काढलं नाही? बाबासाहेब 1937मध्ये भायखळा-परळमधून मुंबई विधानसभेवर निवडून आले होते, म्हणजे आपले स्थानिक आमदारच की. घर बांधलं तेच पुस्तकं ठेवायला. वर उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं. आमचे आत्ताचे म्हणतात, वेळ मिळत नाही.

गिरगावातला म्हातारा
सूट दिलीच आहे तर प्रमोद नवलकर. आमच्या गिरगावचे. त्यांचा छंद मुंबई पालथी घालायचा, तोही रात्री, वेष पालटून. त्यातूनच 'नवशक्ती'तलं 'भटक्याची भ्रमंती' हे सदर आलं. आमच्या चाळीत पेपर एक आणि वाचणारे मजलाभर, त्यामुळे ते सदर गॅलरीत मोठ्याने वाचलं जायचं. पुढे 1995च्या युती सरकारात ते सांस्कृतिक मंत्री झाले. राजकारण मला पटायचं नाही, पण शहर पायांनी ठाऊक असलेला पुढारी होता. आता काचा वर करून फिरतात.

काउंटरवाली
उपनगरातल्या वाचनालयात बसते, म्हणून गाव सांगत नाही. आमच्याकडे दोन लोकप्रतिनिधी सभासद. एकांची पुस्तकं पीए नेतो, पीएच परत आणतो. सगळी चरित्रं, निवडणूक जवळ आली की जरा जास्त. खूण म्हणून कुणातरी कंत्राटदाराचं व्हिजिटिंग कार्ड, ते कायम सुरुवातीच्याच पानांत.

दुसऱ्या ताई. वॉर्ड महिला राखीव झाला म्हणून उभ्या केल्या, 'नावापुरत्या' असं सगळे म्हणत. त्या स्वतः येतात, बंद करायच्या वेळेला, गाडी कोपऱ्यावर ठेवून. लागतात फक्त रहस्यकथा. पहिल्यांदा हळूच म्हणाल्या, "कव्हर घालून द्या हो, मिटिंगमध्ये वाचते." आता खाकी कव्हर मी तयारच ठेवते. दिवाळी अंकांची योजना लागली की पहिली पावती त्यांची फाडायची. आमचा एक सभासद वॉर्ड ऑफिसात आहे. तो सांगतो, टेंडरचे कागद ताई मागच्या पानापासून वाचतात आणि नेमका तिथेच प्रश्न विचारतात. अधिकारी दचकून असतात.

दादरकर
काउंटरवाली, पुढच्या वेळी विचारा ना, खुनी कितव्या प्रकरणात ओळखतात?

काउंटरवाली
विचारलं होतं. म्हणाल्या, "जो सगळ्यांत आधी मदतीला धावतो तो."

माटुंग्याचा बिनकामाचा
आमच्याकडचे झाडवेडे. निवडणूक हरले, तरी रविवारी पोरांना घेऊन राणीच्या बागेत उर्वशीचा बहर दाखवायला जातात. नगरसेवक असताना वृक्ष प्राधिकरणावर होते. झाड तोडायचा अर्ज आला की स्वतः हजर, पिशवीत टेप. आमच्या सेक्रेटरींनी पार्किंगसाठी 'जंगली झाड' असा अर्ज टाकलेला. यांनी बुंध्याला टेप लावली, एक पान चुरडलं, आणि म्हणाले, "अहो, तामण आहे. राज्यफूल तोडणार?" सेक्रेटरींनी लगेच विचारलं, "मग फांद्या तरी?"