विषय: मुलुंडच्या गॅलरीतली रास्पबेरी पिवळी पडतेय

नमस्कार मंडळी,
मुंबईला परतले तरी बागकामाच्या या ईमेल लिस्टवरून नाव काढलेलं नाही, त्याचा आज फायदा घेते. कुंडीतली रास्पबेरी जूनपर्यंत झकास होती. पावसाची झड लागल्यापासून खालची पानं पिवळी, कडा करपलेल्या, आणि माती ओलीचिंब असूनही कोंब माना टाकतायत. नर्सरीवाला म्हणाला, "ताई, खत कमी पडतंय." गांडूळखत घातलं, फरक शून्य. स्कॉटलंडवाले काका, बघता का जरा?

*

अगं, खत आधी बंद कर. माती ओली आणि कोंब मलूल, म्हणजे पाणी ओढणारं मूळच गेलंय. लोह कमी असतं तर कोवळी पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या असत्या. मला ही फायटोफ्थोराची, म्हणजे ओल्या मातीत वाढणाऱ्या बुरशीसारख्या जिवाची, मूळकूज वाटते. इकडेही पाणी साचणाऱ्या जमिनीत हीच रास्पबेरीचे वाफेच्या वाफे मारते.

कुंडी आडवी करून झाड मुळांसकट काढ. बुंध्याशी साल नखाने खरवड. आत पांढरट असेल तर जीव आहे, विटकरी असेल तर कूज. कुजलेलं सगळं काप, कात्री स्पिरिटने पुसून घे. ती माती दुसऱ्या कुंडीत अजिबात घालू नकोस. नव्या मातीत जाड रेती सढळ हाताने मिसळ. ट्रायकोडर्मा (मुळांना उपकारक बुरशी) घाल हवं तर, पण ते राखण करतं, मेलेलं मूळ उठवत नाही.

फळून झालेली जुनी काठी वाळली असेल तर तो रोग नव्हे. काठी दुसऱ्या वर्षी फळते आणि मरते. बुडापासून छाट.

*

काका, साल विटकरीच निघाली! एका बाजूची मुळं मात्र पांढरी आहेत, तेवढी ठेवून लावलं. ताटलीत पाणी तुंबलं होतं. खालच्यांच्या कपड्यांवर गळतं म्हणून सोसायटीने ताटल्या सक्तीच्या केल्यात. फळं कधी धरतील?

*

ताटलीत विटेचे तुकडे टाकून कुंडी वर उचल, म्हणजे खालचेही खूश.

फळांचं स्पष्टच सांगतो, आशा धरू नकोस. बहुतेक तांबड्या रास्पबेरीला ७ अंशांखालचे शेकडो तास थंडी लागते. मुंबईत ती कुठून आणणार? हौसच असेल तर म्हैसूर रास्पबेरी शोध. काळी फळं, आपल्या सह्याद्रीतही होते, आणि फ्लोरिडाच्या उकाड्यात लोक लावतात. काटे मात्र आकड्यासारखे, कपड्यांच्या दोरीपासून लांब ठेव.