मदत हवी आहे: ऑफिसात महागडं ब्रेसलेट घालावं की नाही?

नमस्कार मंडळी. स्वतःच्या बचतीतून कार्टिए या महागड्या फ्रेंच ब्रँडचं ‘लव्ह’ ब्रेसलेट घेतलंय. अनोळखी माणसाला ते साधं सोन्याचं कडंच वाटतं, पण जाणकार त्यावरच्या स्क्रूच्या खुणा लांबूनच ओळखतात. आणि आमच्या ऑफिसात जाणकार बरेच निघाले!

एकीने सरळ किंमत विचारली. साहेब हसत म्हणाले, “तुला कशाला हवी पगारवाढ?” गंमतच होती म्हणा, पण पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे, त्यामुळे ते वाक्य डोक्यातून जात नाही. शिवाय माझ्या हाताखाली नुकतीच लागलेली मुलं आहेत. त्यांना मी भपकेबाज वाटत असेन का?

“मग काढून ठेव ना” असं कृपया लगेच सांगू नका. आल्डो चिपुलोने 1969 मध्ये न्यूयॉर्कमध्ये हे डिझाइन केलं तेच मुळी सहज निघू नये म्हणून. दोन अर्धगोल भाग स्क्रूने जोडलेले असतात आणि सोबत चिमुकला स्क्रूड्रायव्हर मिळतो. रोज सकाळ-संध्याकाळ ते करत बसणं माझ्याच्याने होणार नाही. लांब बाहीखाली झाकता येतं, पण चोरून घातल्यासारखं वाटतं.

टीममधल्या एकाच्या मनगटावर याहून महाग स्विस घड्याळ आहे. त्याला कोणी काही बोलत नाही, उलट कौतुक होतं.

तर, अप्रेझलच्या दिवशी तरी काढावं का? आणि किंमत विचारणाऱ्याला न दुखावता काय उत्तर द्यायचं? मुलाखती घेणाऱ्या किंवा एचआरमधल्या कोणी प्रामाणिकपणे सांगितलं तर बरं होईल: समोरच्याच्या अंगावरचे दागिने पाहून तुमचं मत खरंच बदलतं का?